विशाखा, आधी तू माझी मैत्रीण होतीस

विशाखा, तुझ्या पुण्यानुमोदनाला माझी आई बोलली. मी बोलले नाही.

मानखुर्दला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव घातला होता. वंदना झाली, भन्तेजींचं बोलून झालं, मग तुझ्या दादाने माईक हातात घेऊन विचारलं, कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, तुझ्या आईनेसुद्धा. बरोबरच होतं. इतकी वर्षं आपण एका टेबलावर बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, म्हणजे बोलायला हवं होतं ते मीच. घरून वाक्यं जुळवूनही आणली होती. पण मी समोरच्या बाईंच्या पांढऱ्या साडीच्या काठाकडे बघत बसले. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. आई उठली होती. पालिकेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण मोठ्या माणसांच्या सभेत जिने कधी तोंड उघडलं नाही, ती माझी आई माईक घेऊन म्हणाली, "विशाखा माझी मैत्रीण होती."

माझ्या मुलीची मैत्रीण, असं नाही म्हणाली.

मी रडायला लागले. तुझी वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, तुझ्यासाठी. तुझ्यासाठी होतंच, पण सगळं नव्हतं.

तुला हसू आलं असतं. तू म्हणायचीस, एक्सेल, तुझं तोंड उघडायला पाना लागतो. हे नाव तूच ठेवलंस, पवईच्या आपल्या त्या दोन खोल्यांच्या संस्थेत मी आले त्याच आठवड्यात. प्रकल्प एका ओळीचा होता: उपनगरांत घटस्फोट वाढलेत का, आणि वाढले असतील तर का. मी आकडे सांभाळायचे, तू माणसं. ही वाटणी कोणी केली नव्हती. कॉन्व्हेंटमधल्या मुलीचं मराठी स्वयंपाकघरापुरतं असतं, आणि अनोळखी माणसासमोर तेवढंही उरत नाही, हे तू पहिल्याच दिवशी ओळखलंस आणि कोणाला न सांगता माझ्या मुलाखती स्वतःकडे घेतल्यास. मी सुटकेचा श्वास टाकला. जळायला लागले ते नंतर.

बोरिवलीच्या त्या बाई आठवतात? नवऱ्यापासून नुकत्याच वेगळ्या झालेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या. त्या दिवशी तुला उशीर झाला म्हणून मी एकटीच आत गेले आणि प्रश्नावली काढली. वेगळं होण्याची मुख्य कारणं कोणती, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पटलं नाही." पुढचा प्रश्न. "नाही." त्याच्या पुढचा. "तसंच." मग तू आलीस, घाम पुसत पाणी मागितलंस, इकडेतिकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ताई, घर दाखवा ना." दीड खोलीचं घर. दाखवायला असं काय लागतं. पण त्या उठल्या. हे कपाट माझं एकटीचं, म्हणाल्या. इथे मी रात्री दिवा चालू ठेवून झोपते, कोणी बंद कर म्हणत नाही. ही खिडकी मी उघडीच ठेवते, त्यांना वारा सोसायचा नाही. दिवेलागणीपर्यंत त्या बोलत होत्या, आणि माझी प्रश्नावली मांडीवर तशीच पडून होती.

परतीच्या वाटेवर तू विचारलंस, काय गं, गप्प का. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आपलं भांडण मात्र कामावरून व्हायचं, आणि तिथे मी गप्प नसायचे. मी म्हणायचे, बायका शिकल्या, कमवायला लागल्या, कायदा कळला. घरं लहान झाली, वडीलधाऱ्यांची नजर हटली. लग्नाकडून माणसांचं मागणं बदललं. नुसता संसार पुरत नाही, सोबत हवी असते. म्हणून घटस्फोट वाढले. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि विचारायचीस, "वाढले म्हणजे नक्की काय वाढलं? तुटणं की मोजणं?" मग तुझी पणजी यायची. पणजीने पहिल्या नवऱ्याशी काडीमोड घेतला होता. पंच बसले, चार माणसांसमोर गवताची काडी मोडली, लग्न संपलं, आणि पुढे तिचा दुसऱ्या माणसाशी पाट लागला. कोर्ट नाही, वकील नाही, म्हणून "तुझ्या तक्त्यात माझी पणजी नाही," असं तू म्हणायचीस. मी म्हटलं, आमच्यात असलं काही नव्हतं. त्यावर तू डब्यातून मान वर न करता म्हणालीस, "तुमच्यात सोडत नव्हते, टाकत होते."

मला राग आला. कारण मला बाबांची आत्या आठवली, जी लग्नानंतर लवकरच माहेरी परत आली आणि शेवटपर्यंत भावाच्या घरात भाज्या निवडत राहिली. कागदोपत्री ती विवाहितच मेली. तुला मी तिच्याबद्दल कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझा मुद्दा पक्का झाला असता.

तुझा खरा सिद्धांत तर वेगळाच होता, आणि तो सुचला तुला, याचंही मला वाईट वाटायचं. रिडेव्हलपमेंट. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जाऊ तिथे जुन्या इमारती पाडत होते. बिल्डर भाडं देतो, माणसं नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहतात. भाड्याच्या घरात सगळे मावत नाहीत. मग नवरा भावाकडे जातो, बायको मुलांना घेऊन शाळेजवळ राहते. तात्पुरतं, असं सगळे म्हणतात. तुझं म्हणणं होतं की वाईट लग्नं तर जन्मभर टिकतात, वाईटपणाने लग्न मोडत नाही. ते मोडतं, वेगळं राहून बघायची सोय झाली की. तीही कोणाला कारण न देता. "भांडून घर सोडायला हिंमत लागते गं," तू म्हणालीस. "बिल्डरने सोडायला लावलं तर फक्त सामान बांधायचं."

संस्थेतले आपले सर हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. वय, शिक्षण, मिळकत यांचा भाग वेगळा काढून बघावा लागेल. तू म्हणालीस, काढ की, तुला कोणी अडवलंय. मी अजून काढतेच आहे, विशाखा.

आमचीही इमारत तेव्हा पाडलेली होती, हे तुला माहीत होतं. मुलुंडची चार मजली, बाबांनी आणि आईने दोघांच्या पगारातून घेतलेली जागा. बाबा डोंबिवलीला थोरल्या काकांकडे राहायला गेले. काका एकटे असतात, सोबत होईल, असं कारण होतं. आई आणि मी भांडुपला भाड्याने. रविवारी बाबा जेवायला यायचे. नळ नीट बंद झाला नाही, पेपरची घडी उलटी पडली, एवढ्यावरून त्यांचा आवाज चढायचा, आणि आई पोळी वाढत राहायची. मला ते घराचं हवामान वाटायचं. कोणी हवामानावर चिडतं का.

मग एका शनिवारी तू आमच्याकडे आलीस. मी आत चहा टाकत होते. बाहेरून तुझा आवाज आला, "काकू, घर दाखवा ना."

माझ्या हातातला साखरेचा डबा तसाच राहिला. तो आवाज मला पाठ होता. मला बाहेर येऊन सांगायचं होतं की ही कामाची युक्ती आहे, आई, ही सगळ्यांना असंच म्हणते. पण आई हसत उठली होती. तिने तुला खोली दाखवली, गॅलरी दाखवली, गॅलरीतली खुर्ची दाखवली. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही दोघी गॅलरीत होतात आणि आई काहीतरी सांगायची थांबली. मला बघून थांबली.

त्यानंतर तू येत राहिलीस. मी घरी नसतानाही. आई तुझ्यासाठी सुकटीची चटणी करायची, जी ती बाबांना वास आवडत नाही म्हणून वर्षानुवर्षं करत नव्हती. तुझ्याशी बोलताना तिचं मराठी वेगळं व्हायचं, भरभर, टोमणे मारणारं, हसणारं. माझ्याशी ती सावकाश बोलते, मधे इंग्रजी शब्द घालून, मला कळावं म्हणून. मला सगळं कळतं. पण लहानपणापासून ती तशीच बोलत आलीय, आणि मी तिला कधी थांबवलं नाही.

तलावाकाठच्या सँडविचवाल्याजवळ मी तुला एकदा विचारलंच. काय बोलता तुम्ही दोघी?

"आईला विचार की."

"ती मला सांगत नाही."

"मग तुला सांगायचं नसेल."

मी म्हटलं, तू मैत्रीण कोणाची, माझी की तिची? खरंच असं म्हटलं, शाळेतल्या मुलीसारखं. तू सँडविचमधला काकडीचा काप काढून माझ्या कागदावर ठेवलास आणि म्हणालीस, "मैत्री काय रेशनवर मिळते का गं, एका घराला एक?" सँडविचवालासुद्धा हसला. मीही हसले. मग तू हसायची थांबून म्हणालीस, "यार, ते तिचं आहे. मी कशी देऊ?"

तुझं बरोबर होतं. एकीने सांगितलेलं दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, हा कामाचा नियमही होता, मीच टाइप केलेला. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला एकच वाटत होतं, की जगातल्या कुठल्याही बाईने तुला काहीही सांगावं, माझ्या आईने सांगू नये.

आणखी एक दिवस आहे, ज्याच्याकडे मी अलीकडे परत परत जाते. नवी इमारत पूर्ण झाली होती, चाव्या मिळायच्या बाकी होत्या. बाबा रोज फोन करून भिंतींचे रंग सांगत होते. डबा खाताना मी तुला म्हटलं की आता तुझ्या सिद्धांताचं काय, आमचंच घर बघ. आई-बाबा इतके दिवस वेगळे राहिले, सोय होती, कोणी विचारणारं नव्हतं, आणि तरी आता परत एकत्र राहायला जाणार. तुझा सिद्धांत आमच्या घरात आपटला. मी हे सगळं न अडखळता बोलले, एरवी मला जमत नाही इतकं छान.

तू म्हणालीस, "हं." आणि जेवत राहिलीस.

तू. जी पाणी भरायला आलेल्या माणसाशीसुद्धा वाद अर्धा सोडत नाहीस. मला वाटलं, जिंकले. त्या संध्याकाळी मी खूश होते, आईला सांगितलंही, आज विशाखाला गप्प केलं. आई म्हणाली, असं होय, आणि कुकर लावायला आत गेली. तुम्हा दोघींना तेव्हा ठाऊक होतं.

आता इथे मी तुझ्यावर रागावलं पाहिजे, आणि रागावतेच, पण तेवढ्यात दुसरं काही आठवतं. मीटिंगमध्ये माझे तक्ते पडद्यावर आले की तू सगळ्यांच्या आधी बोलायचीस, हे हिचं काम आहे, हिलाच विचारा. मग खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बघत बसायचीस, मी बोलेपर्यंत. ती शांतता मला असह्य व्हायची आणि मी बोलायचे. असं मला कोणी बोलतं केलं नव्हतं. शाळेत बाईंनी 'क्वाएट गर्ल' लिहिलं की घरच्यांना बरं वाटायचं. हा मजकूर मी मराठीत लिहितेय, तोसुद्धा तुझ्यामुळे. तू असतीस तर लाल पेन घेऊन बसली असतीस आणि पहिल्या पानावरच म्हणाली असतीस, पुस्तकी झालंय गं, वाट लागली.

तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

मांडवात किती बायका आल्या होत्या, तुला माहितेय? घाटकोपरच्या, बोरिवलीच्या, मुलुंडच्या. काहींना मी नुसत्या नंबराने ओळखत होते, कारण माझ्या तक्त्यात त्यांना नावं नव्हती. प्रत्येक बाई अशी बसली होती की जणू तू फक्त तिच्याच घरी जायचीस. त्या एकमेकींकडे बघत होत्या, जरा चकित होऊन. त्या बोरिवलीच्या बाईंनी मला ओळखलं नाही.

परत येताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "किती जणी होत्या गं." तो स्वर ऐकून मी तिच्याकडे वळून बघितलं. मला तो ओळखीचा होता. माझाच होता. आईलाही वाटत होतं की ती एकटीच आहे. मला हसू आलं, आणि तिने का हसतेस विचारलं, आणि मला सांगता येईना, आणि मग तिलाही आलं. तुझ्या पुण्यानुमोदनाहून परत येताना आम्ही मायलेकी रिक्षात हसत होतो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली की येत्या गुरुवारी तिला घाटकोपरला जायचं आहे. वकीलबाईंकडे. विशाखा येणार होती बरोबर.

मी विचारलं, कसली वकील. खरं तर विचारता विचारताच मला कळलं होतं. तुझं ते 'हं' मला तेव्हा रिक्षात ऐकू आलं.

"मला त्या नव्या घरात जायचं नाही," आई म्हणाली. "त्यांच्याबरोबर नाही."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तिला सांगितलंस. तीन-चार वेळा म्हटलं असेन, एकच वाक्य, आवाज चढला तरी थांबले नाही. बाबांसारखा चढला. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी थांबले.

"ती माझी मुलगी नव्हती ना," आई म्हणाली. "तिला सांगता आलं. तू त्यांचीपण मुलगी आहेस."

विशाखा, मी इतके रकाने आखले. वय, शिक्षण, मिळकत, मुलं किती. आई पहिल्यापासून कमावत होती, तरी कुठे गेली नाही, म्हणजे माझं कारण तिला लागू पडत नव्हतं, आणि रोज तिच्या हातचं जेवूनही हे मला दिसलं नव्हतं. मुलं किती, हा रकाना होता. मुलं कोणाकोणाची असतात, हा नव्हता.

रिक्षा भांडुपला पोचली. जिना चढताना मी म्हटलं, गुरुवारी मी येऊ? तुला ऑफिस असेल, म्हणाली. मी म्हटलं, नसेल. मग म्हणाली, बाबांना काय सांगशील? मी म्हटलं, विचारलं तर खरं सांगेन. ती कुलूप उघडत होती. म्हणाली, "बरं. पण मधे बोलू नकोस." तिच्या त्या शेवटच्या वाक्याचं मला किती बरं वाटलं, तुला सांगू शकत नाही. मी मधे बोलेन, अशी भीती जन्मात पहिल्यांदा कोणालातरी वाटली.

वकीलबाईंचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, खाली साड्यांना फॉल-पिको करून देणारं दुकान. तू त्यांना आमचं नाव देऊन ठेवलं होतंस. त्यांनी टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, विशाखा ना तुम्ही? आई म्हणाली, नाही, ही माझी मुलगी. मी तुझ्या खुर्चीवर बसले. ती रिकामी झाली म्हणून मला मिळाली, हे मला पक्कं माहीत आहे. तरी बसताना मला आनंद झाला. तो झाला नाही असं तुला सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

जागा दोघांच्या नावावर, नवऱ्याची संमती मिळेल का, नाही मिळाली तर किती काळ लागेल, सगळं बोलणं झालं. मी मधे बोलले नाही. मग वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, इतकी वर्षं राहिलात, मग आता का?

हा आपला प्रश्न होता. ज्याच्यासाठी आपण सगळं उपनगर पालथं घातलं. माझं उत्तर मला माहीत होतं, तुझंही. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडेच बघत, सावकाश नाही, तुझ्याशी बोलायची तशी म्हणाली:

"दोन वर्षं, रविवार सोडले तर, घरात कोणी ओरडलं नाही. मला त्याची सवय लागली."

वकीलबाईंनी वहीत 'मानसिक त्रास' असं लिहिलं. मला ते उलटं दिसत होतं.

तुझ्या सिद्धांताच्या हे जवळ जातं, मान्य करते. मी त्याचा भाग वेगळा काढून दाखवू शकत नाही. पण इमारत पाडली म्हणून नाही गं विशाखा, शांतता कशी असते ते कळलं म्हणून. यावर तू काही बोलली असतीस, आणि आपण पवईपर्यंत भांडत गेलो असतो.

जिना उतरताना एक गोष्ट आईला विचारावीशी वाटली. हे वाक्य तिने आधी तुला सांगितलं होतं का. भांडुपच्या गॅलरीत, मी चहा करत असताना, किंवा मी घरीच नसताना. बहुतेक सांगितलं असेल. तू ऐकलं असशील, मान न हलवता, नेहमीसारखी.

मी विचारलं नाही. एवढं एक वाक्य माझं असू दे.